ब्रेक ऑइल कधी व का बदलावे?

विद्यार्थी मित्रहो, बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकता. घरच्या गाडीचा ब्रेक याच नियमावर चालतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून चाकांपर्यंत दाब नेतो. गॅरेजमध्ये त्याला ब्रेक ऑइल म्हणतात. खरे तर ते तेल नव्हे, बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचे रसायन असते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ना, तशीच हवेतील ओल ओढून घ्यायची त्याला खोड. रबरी नळ्यांतून, डबीच्या झाकणातून ओल आत शिरतच राहते.

आता पालकांसाठी. मागे एकदा आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला उतरत होतो. उतारावर ब्रेकवरचा पाय हलत नव्हता. अर्ध्या वाटेत पेडल मऊ लागू लागले आणि एका वळणावर जवळजवळ तळाला टेकले. गिअर खाली आणून, हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट! घरी परतल्यावर मेकॅनिकला ब्रेकमध्ये मोडतोड काही सापडली नाही. ऑइल मात्र पाच वर्षांचे, कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते.

घडले ते असे. ब्रेक तापले की उष्णता ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असे मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. (डॉट ३ चे आकडे २०५ व १४०.) ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. पायाचा सगळा जोर तिथेच जिरतो. गार झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो. म्हणूनच शहरातल्या सपाट रस्त्यावर हा दोष कळत नाही.

पुस्तिकेत दिलेली मुदत पाळावी. पुष्कळ गाड्यांना ती दोन वर्षांची असते. "गाडी फिरतेच कुठे?" हे कारण चालत नाही. वर्षातून दोनदा कुलदेवतेला जाण्यापुरती निघणारी गाडी उभ्या उभ्याच ओल पिते, आणि निघते ती थेट घाटात! ओलीने सिलिंडर आतून गंजतात ते वेगळेच.

नुसती डबी रिकामी करून भरणे म्हणजे बदलणे नव्हे. प्रत्येक चाकाकडील निपल उघडून जुने ऑइल व हवा बाहेर काढायला सांगावे. डबा सीलबंद आणि झाकणावर लिहिलेल्या प्रतीचाच हवा. डॉट ५ हे सिलिकॉनचे, ते यात मिसळू नये. डबीतली पातळी उतरली तर आधी पॅड झिजलेत का, गळती आहे का, ते पाहावे. डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलीलाही हे सारे लागू आहे.

ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, रंग उडतो. ते विषारी आहे. उरलेले पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये.