मुक्या जनावरांचे दुखणे आणि ॲक्युपंक्चरची सुई

माणसाचे गुडघे दुखू लागले की तो डॉक्टरांकडे जातो. कोठे दुखते, केव्हा दुखते, औषधाने किती उतार पडला, हे सारे त्याला बोलून दाखवता येते. बैलाला, घोड्याला किंवा कुत्र्याला ही सोय नाही. शिवाय फार दिवसांचे दुखणे असलेले जनावर सहसा ओरडतही नाही. म्हातारा कुत्रा जिना चढायचे टाळतो. मांजर कपाटावर उडी मारणे सोडून देते. बैल उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत राहतो. घरची माणसे म्हणतात, “वय झाले आता!” पुष्कळदा ते नुसते वय नसते, ते दुखणे असते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येला जोडलेल्या टिपांत स्पष्ट म्हटले आहे की, बोलून सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, मग तो माणूस असो वा इतर प्राणी. मग ज्याला सांगता येत नाही, त्याचे दुखणे उपचाराने कमी झाले की नाही, हे ओळखायचे कसे? ॲक्युपंक्चरच्या निमित्ताने आपण हा प्रश्न तपासून पाहू.

औषधे असताना दुसरे उपाय कशाला?

अल्सेशियन, लॅब्रॅडोर अशा मोठ्या जातींच्या कुत्र्यांत खुब्याच्या सांध्याचा एक दोष वरचेवर आढळतो. त्याचा कल आनुवंशिक असतो. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात फिरतो. ही वाटी उथळ राहिली की माथा सैल बसतो व डगमगतो. त्यामुळे हाडांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, सांधा सुजतो आणि दुखतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, म्हणून हे दुखणे जन्माचे सोबती ठरते.

सूज आणि वेदना कमी करणारी चांगली औषधे आहेत. पण ती वर्षानुवर्षे द्यावी लागली तर पोट आणि मूत्रपिंडे यांवर लक्ष ठेवावे लागते. काही औषधांचे दुष्परिणाम तर त्या जनावरापुरतेच राहत नाहीत. डायक्लोफेनॅक हे औषध गुरांच्या दुखण्यावर सर्रास दिले जाई. असे औषध दिलेले गुरू मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हे कारण २००४ साली उघडकीस आले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. तेव्हा औषधांखेरीज आणखी काही उपाय आहेत का, हे शोधणे रास्तच आहे.

सुई टोचल्याने शरीरात काय घडते?

ठरावीक जागी बारीक सुया टोचून उपचार करण्याची ॲक्युपंक्चर ही पद्धत चीनमध्ये फार जुनी आहे. शरीरातील वाहिन्यांतून ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते आणि तिचा प्रवाह अडला की दुखणे येते, अशी तिची पारंपरिक उपपत्ती आहे. १९७१ साली जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराची पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या त्रासावर त्याला सुया टोचण्यात आल्या. त्याने हा अनुभव वर्तमानपत्रात लिहिला आणि पाश्चात्त्य देशांत या पद्धतीविषयी कुतूहल वाढले.

वाहिन्यांची उपपत्ती शरीररचनाशास्त्राशी जुळत नाही. घोड्याच्या ॲक्युपंक्चरच्या आधुनिक नकाशांत पित्ताशयाची वाहिनी दाखवलेली असते, पण घोड्याला पित्ताशयच नसते! माणसासाठी केलेला नकाशा जनावरावर चढवल्याचा हा परिणाम. तथापि उपपत्ती चुकीची असली म्हणून परिणाम होतच नाही, असे लगेच म्हणता येत नाही. ते प्रयोगानेच ठरवावे लागते.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एका दारातून जातात आणि स्पर्शाचे संदेश हे दार काहीसे लोटून घेऊ शकतात. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो आणि बरे वाटते, त्याचा अर्थ असा लावता येतो. १९७५ साली स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे पदार्थ वेगळे केले. ते अफूतील मॉर्फीनप्रमाणे वेदना शमवतात आणि शरीर ते स्वतःच तयार करते. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या पोमेरँझ यांनी उंदरांना सुया टोचून पाहिले. उंदरांची वेदना कमी झाली. पण मॉर्फीनचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन हे औषध दिल्यावर सुईचा परिणामही नाहीसा झाला. २०१० साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे, टोचलेली सुई फिरवत राहिल्यास त्या जागी अॅडेनोसीन हा वेदनाशामक पदार्थ वाढतो, असे उंदरांत दिसून आले.

म्हणजे सुई टोचल्याने शरीरात काहीतरी घडते, हे खरे. पण प्रयोगशाळेतल्या उंदराची काही मिनिटांची वेदना वेगळी आणि झिजलेल्या खुब्याचे वर्षानुवर्षांचे दुखणे वेगळे. पहिल्यावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

‘नंतर’ आणि ‘मुळे’

आपल्याकडे लंगडणाऱ्या बैलाला डाग देण्याची चाल होती. तापलेल्या लोखंडाचा चटका दिला की दुखणे जाते, असा समज होता. युरोपात शर्यतीच्या घोड्याच्या पायाची कंडरा दुखावली तरी असेच डागत. घोडे बरे होत, म्हणून डागणे टिकून राहिले. पण डागल्यावर घोड्याला कित्येक महिने विश्रांती दिली जाई, हे कोणी ध्यानात घेत नसे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे डागलेल्या आणि न डागलेल्या कंडरांची पद्धतशीर तुलना केली गेली. डागण्याने काही फायदा होत नाही, असा तिचा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला. उपायानंतर बरे वाटले म्हणजे उपायामुळेच बरे वाटले, असे नव्हे.

सांध्याच्या दुखण्यात ही गफलत फार सहज होते. हे दुखणे कधी वाढते, कधी आपोआप ओसरते. मालक जनावराला वैद्याकडे नेतो ते बहुधा दुखणे जोरात असताना. त्यानंतर काहीही केले, अगदी काहीच केले नाही, तरी थोडा उतार पडण्याचा संभव अधिक. त्याचे श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते.

ही गफलत टाळण्याची रीत अशी. जनावरांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला खरा उपचार द्यायचा, दुसऱ्याला दिसायला तसाच पण खोटा. कोणाला काय दिले, हे मालकालाही ठाऊक नसावे आणि तपासणाऱ्यालाही नसावे.

खुब्याच्या दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर सोन्याचे लहान तुकडे कायमचे बसवण्याची एक पद्धत आहे. तिची तपासणी याच रीतीने झाली. फिनलंडमध्ये ३८ कुत्र्यांवर केलेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. सोने बसवलेल्या कुत्र्यांत सुधारणा दिसली. पण ज्यांना नुसत्या सुया, त्याही भलत्याच जागी टोचल्या होत्या, त्या कुत्र्यांतही ती दिसली! दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. नॉर्वेमध्ये ७८ कुत्र्यांवर सहा महिने चाललेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मात्र सोन्याचा गट सरस ठरला. दोन प्रयोग आणि दोन उत्तरे! अशा वेळी आवडते उत्तर उचलायचे नसते, सारे पुरावे एकत्र पाहायचे असतात. जनावरांवरील ॲक्युपंक्चरच्या प्रयोगांचा असा आढावा २००६ सालीच घेण्यात आला. कोणत्याही दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरची खात्रीने शिफारस करावी इतका भक्कम पुरावा त्यात आढळला नाही.

फसतो कोण?

कोणी म्हणेल, “माणसाला गोळीवर विश्वास असतो म्हणून त्याला बरे वाटते. कुत्र्याला काय ठाऊक?” खरे आहे. पण कुत्र्याचे दुखणे कमी झाले, असे सांगतो कोण? माणूसच! आणि त्याचा तर विश्वास असतो.

१६८७ साली प्रसिद्ध झालेला न्यूटनचा तिसरा नियमच येथे उपयोगी पडतो. कुत्रा पावलाने जमिनीला जितक्या जोराने दाबतो, तितक्याच जोराने जमीन पावलाला उलट दाबते. जमिनीत बसवलेल्या एका तबकडीने हा जोर मोजता येतो. दुखऱ्या पायावर जनावर कमी भार टाकते, म्हणून त्या पायाचा आकडा कमी येतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेदुखीच्या ५८ कुत्र्यांची अशी मोजणी झाली. त्यांना औषध नसलेली खोटी गोळी दिलेली होती. तबकडीवर सुधारणा दिसत नसतानाही निम्म्याहून अधिक वेळा मालकांना कुत्र्याचे लंगडणे कमी झालेले वाटले. अनुभवी पशुवैद्यांचीही ४० ते ४५ टक्के वेळा अशीच फसगत झाली.

यात कोणी खोटे बोलत नव्हते. आपल्या जनावराला बरे वाटावे, ही इच्छाच डोळ्यांपुढे येते. पण नुकसान सोसावे लागते ते मुक्या जिवाला. मालक समाधानी, वैद्य समाधानी, आणि कुत्र्याचा पाय दुखतोच आहे.

एक स्वस्त उपाय

औषधाशिवायच्या साऱ्याच उपायांची गत अशी नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास करण्यात आला. जोडीतील एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. सडपातळ राहिलेल्या कुत्र्यांत खुब्याचा सांधा झिजण्याचे प्रमाण कमी होते आणि तो झिजलाही उशिरा. त्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, तर भरपेट खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. यासाठी ना सुई लागली, ना सोने.

मग ॲक्युपंक्चर करावे की नाही? प्रशिक्षित पशुवैद्याने नीट टोचलेल्या सुयांनी सहसा मोठी इजा होत नाही. धोका आहे तो सुयांवर विसंबून रोगाचे निदान, वजन आणि आवश्यक औषध यांकडे दुर्लक्ष करण्यात. उपाय कोणताही असो, तो सुरू करण्याआधी जनावर किती पायऱ्या चढते, किती वेळ चालते, उठताना किती अडखळते, हे लिहून ठेवावे आणि नंतर पुन्हा मोजावे.

करून पाहा

वजनाचे दोन सारखे काटे शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकावर एक पाय ठेवून सरळ उभे राहा व दोन्ही आकडे लिहा. त्यांची बेरीज तुमच्या वजनाइतकी येते का? आता एका बुटात एक लहानसा खडा घालून पुन्हा उभे राहा. कोणता आकडा कमी झाला?

आता हे गणित सोडवा. स्थिर उभा असलेला कुत्रा आपल्या भारापैकी साधारण ६० टक्के भार पुढच्या आणि ४० टक्के मागच्या पायांवर घेतो. ३० किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्याच्या मागच्या प्रत्येक पायावर किती किलोग्रॅम भार यायला हवा? डाव्या मागच्या पायाखाली ४ आणि उजव्या मागच्या पायाखाली ८ किलोग्रॅम भरले, तर कोणता पाय दुखत असावा?