वादळातले समुद्रपक्षी कधी पाहावेत?

प्रश्न : हिवाळ्याच्या शेवटी वादळं आली की युरोपातले पक्षीप्रेमी समुद्रपक्षी पाहायला किनाऱ्यावर जातात, असं वाचलं. फेब्रुवारीत कोकणात गेलो तर असं काही पाहायला मिळेल का?
– एक वाचक, उमरेड

उत्तर : पक्षी भरपूर दिसतील, वादळ मात्र मिळणार नाही. उत्तर अटलांटिकमध्ये वादळांचा हंगाम हिवाळ्यात असतो. आपल्या अरबी समुद्रावर त्या दिवसांत वारा बहुतेक जमिनीकडून पाण्याकडे वाहतो आणि दर्या शांत असतो. खोल समुद्रातले पक्षी कोकणच्या किनाऱ्याकडे लोटले जातात ते पावसाळ्यात, नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनी, नाहीतर एखाद्या चक्रीवादळात. अंटार्क्टिकाकडे वीण करणारा, चिमणीपेक्षा थोडासाच मोठा विल्सनचा पेट्रेल आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात असतो. बूबीसारखे पक्षी थकून वाळूवर सापडतात, तेही याच महिन्यांत.

तरी फेब्रुवारीची सहल रद्द करू नका. हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी जा आणि कुरव पाहा. नोव्हेंबरात त्यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे गडद पिसं येऊ लागतात. एकाच थव्यात कुणाचं डोकं पांढरं, कुणाचं अर्धं रंगलेलं, कुणाचं पूर्ण तपकिरी! मला वादळापेक्षा हे दृश्य अधिक मोलाचं वाटतं, कारण परतीची तयारी डोळ्यांसमोर चाललेली असते. पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके आणि डोळा फिकट असेल, तर तो तपकिरी डोक्याचा कुरव. त्याची वीण होते लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर. म्हणजे आपण ज्याला समुद्रपक्षी म्हणतो, तो पिल्लं वाढवतो समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर.

म्हणूनच उमरेडकरांनी समुद्र लांब म्हणून हळहळू नये. मकरधोकड्याच्या तलावावर सकाळी दुर्बीण घेऊन बसा. कुरवांचे जवळचे नातेवाईक म्हणजे सुरय. पिवळीधमक चोच, लांब दुभंगलेली शेपटी, पाण्यावर घिरट्या आणि मग एकदम सूर, अशी नदी सुरयाची ओळख. उन्हाळा जवळ आला की त्याची काळी टोपी पुरी होते. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या बेटांवर तो जमिनीवरच अंडी घालतो, तेव्हा अशा जागी पाय ठेवू नका.

पावसाळ्यात कोकणात गेलात आणि थकलेला समुद्रपक्षी सापडला, तर त्याला परत लाटांत सोडू नका, जबरदस्तीने काही भरवूही नका. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.