माळ्यावरची खेळणी आणि मोबाईलमधला बाजार



गेल्या काही वर्षांत आपल्या वर्गांमध्ये एक नवा छंद शिरला आहे. छोट्या धातूच्या गाड्या, भोवरे, चित्रांची पत्ते-कार्डे, बाहुल्या गोळा करायच्या, मोबाईलवर त्यांचे भाव बघायचे आणि जमल्यास एखादी वस्तू विकायची. छंद वाईट नाही. गोळा करणे, वर्गवारी लावणे, माहिती मिळवणे हे अभ्यासाचेच गुण आहेत. मात्र त्यात पैसा आला की तो व्यवहार होतो, आणि व्यवहाराचे नियम ठाऊक नसले तर नुकसान घरच्यांचे होते. म्हणून या अंकात आम्ही हा पाठ देत आहोत. मुलांनी तो पालकांबरोबर बसून वाचावा.

१) खेळणे मौल्यवान केव्हा होते?

जुने आहे म्हणून प्रत्येक खेळणे महाग नसते. संग्राहक पाच गोष्टी पाहतो : ते कोणी बनवले, किती उरली आहेत, सर्व भाग आहेत का, मूळ खोका आहे का, आणि अवस्था कशी आहे.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण घेऊ. एमआरएफ आणि अमेरिकेतील हॅस्ब्रो या कंपन्यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी निघाली. १९८७ पासून गोव्याच्या कारखान्यात तिची खेळणी बनू लागली. त्यांत 'जी. आय. जो' नावाचे बोटभर उंचीचे सैनिक होते. साचे परदेशी, पण इथे बनलेल्या सैनिकांचे रंग अनेकदा अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे असत. आपल्याकडच्या मुलांना त्याचे काही विशेष वाटले नाही. परंतु अमेरिकेतील संग्राहकांना नेमके हेच वेगळेपण हवे होते. इथे दुकानात सहज मिळणारी वस्तू तिथे दुर्मीळ ठरली.

कोलकात्यातही असेच घडले. इंग्लंडच्या 'डिंकी' गाड्यांचे जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघाल्या. आज त्याही जगभर शोधल्या जातात.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे खानदेशात, काहींची कोकणात व देशावर आहेत. तिकडून येताना आजीच्या ट्रंकेतून पितळेची भातुकली आलेली असते : बंब, जाते, पाटा-वरवंटा, घंगाळ, चूल, सगळे तळहातावर मावणारे. कोणाकडे सावंतवाडीची लाकडी फळे किंवा बाहुल्या असतात. तिथल्या चितारआळीत ही रंगीत खेळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली असून हलक्या पांगाऱ्याचे लाकूड त्यासाठी पूर्वीपासून वापरले जाई. या वस्तू माळ्यावर धूळ खात पडतात आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. भंगारवाला पितळेचे वजन करतो. घडणीचे, वयाचे, पूर्ण संचाचे मोल त्याच्या काट्यावर उमटत नाही. त्याची चूक नाही, तो पितळच विकत घेतो. आपण काय विकत आहोत हे आपल्याला ठाऊक हवे.

एक सूचना महत्त्वाची. जुनी पितळी भांडी विकण्याआधी किंवा दाखवण्याआधी चिंच, राख वा पावडर लावून घासू नका. काळाने चढलेला रंग हाच त्यांच्या वयाचा पुरावा असतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरे.

२) हा बाजार कसा उभा राहिला?

भारतात घरबसल्या लिलावाने वस्तू विकण्याची सोय २००० साली सुरू झालेल्या 'बाझी डॉट कॉम'ने लोकप्रिय केली. २००४ मध्ये अमेरिकेच्या 'ईबे'ने ती कंपनी घेतली. २०१७ मध्ये 'ईबे'चा भारतातील व्यवसाय 'फ्लिपकार्ट'कडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. त्यानंतर जुन्या खेळण्यांचा व्यवहार ओएलएक्ससारख्या ठिकाणी आणि फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपवरील संग्राहकांच्या गटांत मोठ्या प्रमाणावर विखुरला.

या बदलात एक गोष्ट हातची गेली, ती समजून घ्या. 'ईबे इंडिया'वर 'पैसापे' नावाची व्यवस्था होती. खरेदीदाराचे पैसे आधी मध्यस्थाकडे राहत आणि माल पोहोचल्यावर विक्रेत्याला मिळत. आपल्या रिंग रोडच्या कापड बाजारात दलाल दोन्ही पक्षांना ओळखतो आणि त्याच्या शब्दावर माल सुटतो, तसेच हे. गटांमधल्या थेट व्यवहारात असा मध्यस्थ नसतो. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे दिले की पुढचे सारे त्याच्या नियतीवर असते. म्हणून पैसे रोखून ठेवणारी व परताव्याची सोय असलेले संकेतस्थळ थोडे महाग पडले तरी नवख्या माणसाने तेच निवडावे.

३) खरेदी करताना

(अ) मागितलेला भाव आणि मिळालेला भाव वेगळे असतात. कोणीही एका गाडीसाठी दहा हजार मागू शकतो. तशीच गाडी प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते पाहा.

(आ) वस्तूची सर्व बाजूंनी, तळाकडूनही, छायाचित्रे मागा. बनवणाऱ्याचे नाव बहुधा तळाशी असते. आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून फोटो मागितला, तर वस्तू त्याच्या हातात आहे की नाही हेही कळते.

(इ) नकली माल ओळखा. जुन्या सैनिकाला नवी बंदूक, जुन्या गाडीला नवा छापलेला खोका असे प्रकार होतात. नवा भाग असणे गुन्हा नाही, पण तो सांगायला हवा.

(ई) पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. "तुमचे खेळणे मी घेतो, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील," असे सांगणारा ठग असतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असे घडलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. माल सदोष निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

(उ) लहान भावंडांसाठी नवे खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचे आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना सूट आहे. जुन्या संग्राह्य खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ती कपाटात ठेवावी, तान्ह्या मुलाच्या तोंडी जाऊ देऊ नये.

४) विक्री करताना

पहिला नियम वयाचा. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत खाते, बँक आणि पत्ता आई-वडिलांचाच हवा, आणि व्यवहार त्यांच्या देखत व्हावा. खेळणे घरातल्या कोणाचे आहे हेही आधी विचारावे.

दुसरा नियम वर्णनाचा. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन बघू शकत नाही, त्यामुळे आपले शब्दच त्याचे डोळे असतात. "चांगल्या स्थितीत" हे वर्णन नव्हे. "डाव्या दाराचा रंग उडाला आहे, मागचे एक चाक सैल आहे, खोका नाही" हे वर्णन. फनस्कूलच्या त्या सैनिकांच्या कमरेत आत एक रबरी कडी असते. ती वर्षांनी सुकते आणि तुटते. आज धड दिसणारा सैनिक पार्सलात दोन तुकडे होऊन पोहोचू शकतो. कडी सुकलेली असेल तर तसे लिहावे. आपल्या बाजारात परत आलेल्या मालाला 'आर.जी.' म्हणतात, आणि आर.जी. किती महाग पडते हे कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या पालकांना सांगायला नको.

हिशेब करून पाहू. समजा, एक गाडी ३५० रुपयांना घेतली आणि ६०० ला विकली. संकेतस्थळाचे १० टक्के म्हणजे ६० रुपये, खोका व पट्टी ४० रुपये, टपाल ९० रुपये. उरले ६० रुपये. आता वर्णनात एक दोष लपवला आणि माल परत आला. येण्याचे ९० रुपये आपल्या माथी आले, गाडी पुन्हा पॅक करून पाठवायचा खर्च वेगळाच. नफा गेला, वर ३० रुपये तोटा झाला, आणि नाव खराब झाले ते निराळेच. खरे सांगणे हे नीतीच्या पाठात जेवढे बरोबर, तेवढेच वजाबाकीतही बरोबर आहे.

तिसरा नियम कराचा, आणि तो मोठ्यांसाठी. विक्री नियमित व्यापार म्हणून होऊ लागली तर जीएसटीचा विचार करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या छोट्या विक्रेत्याला संकेतस्थळामार्फत आपल्याच राज्यात माल विकण्यासाठी पूर्ण नोंदणीची सक्ती नाही, मात्र नावनोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. नवापूर आपल्याला घरचे वाटले तरी ते दुसऱ्या राज्यात आहे, हे विसरू नका. असा व्यवसाय सुरू करण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

५) पार्सल बांधण्याची कला

सुरत पार्सल बांधण्यात पटाईत आहे. परंतु साडी दुमडते, खेळणे मोडते. साड्यांचे पार्सल दाबून घट्ट बांधतात. खेळण्याला मात्र चारही बाजूंनी मोकळा श्वास लागतो.

- सेल असतील तर आधी काढा.
- सुटे भाग वेगळ्या छोट्या पिशवीत घालून मोजून ठेवा. भातुकलीची भांडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून प्रत्येक नग निराळ्या कागदात गुंडाळा.
- चिकटपट्टी खेळण्याला किंवा त्याच्या मूळ खोक्याला कधीही लावू नका.
- खेळणे आधी प्लास्टिकमध्ये, मग मऊ आवरणात, मग खोक्यात. बाहेरचा खोका सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे मोठा घ्या आणि रिकामी जागा कागदाने भरा. हलवून पाहा. आवाज आला तर पुन्हा भरा.
- बांधताना मोबाईलवर सलग चित्रफीत काढा. पार्सल उघडतानाही तेच करा. वाद झाला तर तोच पुरावा.

पावसाळ्यात विशेष काळजी घ्यावी. आपल्या पर्वत पाटिया भागात खाडीचे पाणी शिरते हे आपण अनुभवले आहे. संग्रह तळमजल्यावर, पलंगाखाली ठेवू नये.

आता गणित. कुरिअरवाले नुसते वजन धरत नाहीत, आकारही धरतात. लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. खोका ३० × २० × २० असेल तर गुणाकार १२,०००, भागाकार २.४. आत ८०० ग्रॅमची गाडी असली तरी आकार २.४ किलोचा. म्हणून खोका लहान नको तसा वाजवीपेक्षा मोठाही नको.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. किमती वस्तू पाठवताना विम्याची चौकशी करा आणि पावती माल पोहोचेपर्यंत जपून ठेवा. आपल्या मार्केटमध्ये बिल्टीला जो मान, तोच इथे पावतीला.

६) सातासमुद्रापार

परदेशी पाठवताना आत काय आहे आणि त्याची खरी किंमत काय, याचे घोषणापत्र भरावे लागते. विकलेली वस्तू 'भेट' म्हणून लिहिणे ही खोटी घोषणा आहे. परदेशी नियम अचानक बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांची करमाफी बंद केली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला तिकडची बहुतेक सेवा काही आठवडे थांबवावी लागली होती. तेव्हा पैसे घेण्याआधी टपाल कार्यालयात चौकशी करावी.

आणखी एक कायदा घरोघरी ठाऊक हवा. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजीची भातुकली परदेशी संग्राहकाने कितीही डॉलरला मागितली, तरी आधी तिचे वय तपासावे.

७) काय विकू नये?

पालकहो, हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. गाड्या आणि कार्डे येतील-जातील. पण जी भातुकली आजीने मांडली, आईने मांडली, तिच्यात आपल्या भाषेचे शब्दही आहेत. बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा हे शब्द आपल्या मुलांना पुस्तकात वाचून कळत नाहीत, ती वस्तू हातात घेऊन कळतात. सुरतेत जन्मलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीसाठी तो छोटा संच म्हणजे घरातले वस्तुसंग्रहालय आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची ख्याती अशाच घरगुती वस्तूंवर उभी आहे. विकणे हा आपला हक्क आहे. फक्त तो निर्णय भाव, वय आणि नाव कळल्यावर घ्यावा, माळा रिकामा करायच्या घाईत नव्हे.

स्वाध्याय

१. घरातील सर्वांत जुने खेळणे शोधा. ते कोणाचे, कोठून आले, कशाचे बनले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

२. त्याच खेळण्याचे विक्रीसाठी वर्णन लिहा. दोष आधी लिहा, गुण नंतर.

३. एका खोक्याचा आकार ४० × २५ × २० सें.मी. आहे. आकारावरून वजन किती धरले जाईल? आतील वस्तू दीड किलोची असेल, तर कोणत्या वजनाचे पैसे द्यावे लागतील?

४. भातुकलीतील किमान आठ भांड्यांची नावे लिहा व प्रत्येकाचा उपयोग एका वाक्यात सांगा. नाव आठवत नसेल तर आजीला फोन करा.