वास येत नाही म्हणून आत उतरू नका

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये २६ मे २०१६ रोजी प्रोबेस या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, १२ जण गेले. आठ वर्षे भरायला तीन दिवस उरले असताना, २३ मे २०२४ रोजी, त्याच फेजमध्ये अमुदान या रासायनिक कारखान्याचा रिअ‍ॅक्टर फुटला. दोन्ही वेळा एकच मागणी झाली: रासायनिक कारखाने हलवा. मागणी रास्त आहे, पण तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरच्या सरळांबे गावात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले. पुढच्याच महिन्यात ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून उतरणारे ७ कामगार लिफ्ट कोसळून गेले. या दोन्ही ठिकाणी रासायनिक कारखाना नव्हता. कारखान्यातला मृत्यू एका खात्याच्या नोंदवहीत, बांधकामावरचा दुसऱ्या, गटारातला तिसऱ्या; त्यामुळे एकूण चित्र कुणासमोरच येत नाही.

अशा मृत्यूंवर हमखास ऐकू येतं की, ‘कामगारच काळजी घेत नाहीत.’ कल्याणला नोव्हेंबर २०१८ मध्ये एका विहिरीत विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांत वाचवायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही होते. प्रशिक्षित माणूसही जिथे जातो, तिथे निष्काळजीपणाचा शिक्का मारून मोकळं होता येत नाही. असाच विषारी वायू गटारातही असतो: चेंबरमधला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. ‘आता वास गेला, उतर,’ हा हुकूम म्हणूनच जीवघेणा ठरतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेच्या खर्चाचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला किमान ३० लाख रुपये द्यायला सांगितलं. वायू मोजण्याचं यंत्र त्यापुढे किरकोळ आहे.

तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांडपाण्याची टाकी साफ करायला माणूस न उतरवता यंत्राची गाडी बोलवावी. कारखानदाराने कंत्राटी माणसालाही काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्यावा. आणि आत कुणी कोसळलाच, तर मागोमाग उडी घेऊ नका. आधी १०१ फिरवा.