सोळा वर्षांची मुदत

महाविद्यालयात आले त्या वर्षी मी प्रथमच बास्केटबॉल हातात धरला. तेव्हा मला अठरा पूर्ण झाली होती. हेदवीत आम्ही मुली लंगडी, खो-खो आणि कबड्डी खेळत वाढलो. भातकापणी झाली की मोकळ्या शेतात कबड्डीच्या रेषा आखायच्या, एवढेच आमचे क्रीडांगण. उंच खांबावरची जाळी मी फक्त चित्रात पाहिली होती.

पहिल्याच दिवशी चेंडू हाती येताच मी खो-खोत धावावे तशी धावत सुटले. बाईंनी शिट्टी वाजवली. चेंडू जमिनीवर आपटल्याशिवाय पावले टाकता येत नाहीत. थांबल्यावर एक पाय जागेवर रोवून दुसरा फिरवायचा, हे तेव्हा कळले. पुढे ध्यानात आले की आपले खेळ येथे अगदीच वाया जात नाहीत. खो-खोची हुलकावणी येथेही उपयोगी पडते. कबड्डीत चढाईला 30 सेकंद, येथे बास्केटकडे चेंडू टाकायला 24. मात्र 3.05 मीटर उंचीवरच्या कड्यात चेंडू टाकणाऱ्या मनगटाला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. त्याला पर्याय नाही.

एकदा मी बाईंना विचारले, "बाई, युवा संघाच्या निवड चाचणीला मी जाऊ का?" बाई म्हणाल्या, "विद्यापीठाच्या संघासाठी जरूर ये. युवा संघाचे वय मात्र तुझे गेले गं." त्या उत्तराने मी या विषयाचा अभ्यास करू लागले.

हा खेळ 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी सुरू केला. लगेच स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. 1893 मध्ये तेथील विद्यार्थिनींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. मुलींसाठी मैदानाचे तीन भाग केलेले असत आणि खेळाडूने आपला भाग सोडायचा नसे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल 1936 साली आला, स्त्रियांचा 1976 साली. म्हणजे स्त्रियांना चाळीस वर्षे वाट पाहावी लागली!

आता आपल्या मुलींकडे वळू. ऑक्टोबर 2017 मध्ये सोळा वर्षांखालील मुलींची आशियाई स्पर्धा बेंगळुरू येथे झाली. या स्पर्धेचे 'अ' आणि 'ब' असे दोन गट होते. 'अ' गटातील पहिले चार संघ सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी पात्र ठरत, तर 'ब' गटातील विजेत्या संघाला 'अ' गटात बढती मिळे. त्या वर्षी ऑस्ट्रेलिया, जपान, चीन आणि न्यूझीलंड विश्वचषकास पात्र ठरले. भारताच्या मुलींनी 'ब' गट जिंकला.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बढती मिळवली, पण तिचा उपयोग पुढच्या स्पर्धेत. तोवर सोळा उलटलेल्या मुलींना त्या संघात जागा नाही. म्हणजे शिडी चढायची एका तुकडीने आणि वरच्या पायरीवर उभे राहायचे मागून येणाऱ्या धाकट्या बहिणींनी. युवा संघाचे यश हे असे असते. ते पुढच्यांच्या हाती द्यावे लागते.

मग सोळाव्या वर्षी देशाकडून खेळायचे, तर चेंडू कितव्या वर्षी हाती यायला हवा? माझ्या मते दहाव्या. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघातून खेळली, त्याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण पुण्यात मैदाने आहेत, क्लब आहेत. आमच्याकडील मुलीच्या अंगात चपळाई कमी नाही. तिच्यापाशी कडे पोहोचेपर्यंत तिचे वय निघून जाते, एवढेच.

या मे महिन्यात मी घरी गेले तेव्हा बाबांना सगळे सांगितले. त्यांनी लोहाराकडून एक कडे करून घेतले आणि आम्ही ते खळ्याच्या कडेला खांबावर बसवले. फळी नाही, जाळी नाही. संध्याकाळी वाडीतल्या पाच-सहा मुली जमल्या. त्यांतली सर्वांत धाकटी नऊ वर्षांची. तिचा चेंडू कड्यापर्यंतही पोहोचत नव्हता. मी तिला म्हटले, "असू दे गं. तुझ्याजवळ अजून सात वर्षे आहेत."