अन्ननलिकेतून हृदयदर्शन

हृदयाची झडप दुरुस्त झाली. ती गळते का, हे छाती शिवण्यापूर्वीच कळायला हवे. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनीने, म्हणजे सोनोग्राफीने, हृदयाचे चित्र घेतात. पण छातीवर तर शस्त्रक्रिया चाललेली! मग शोधक ठेवायचा कुठे?

अन्ननलिका हृदयाच्या डाव्या अलिंदाला मागून चिकटूनच जाते, हे तुम्ही शिकला आहात. भूल दिलेल्या रोग्याच्या तोंडातून बोटाएवढी जाड, लवचिक नळी तीत सरकवतात. शोधक तिच्या टोकाशी. मध्ये ना बरगडी, ना फुप्फुस. अंतर थोडे, म्हणून वारंवारता वाढवता येते. दूरवर जायचे तर असा ध्वनी वाटेतच शोषला जातो. ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. वारंवारता ५० लाख हर्ट्झ धरून तरंगलांबी काढून पाहा. सुमारे ०.३ मिलिमीटर येईल. याहून बारीक तपशील दिसत नाही.

नळी जठरात नेऊनही चित्र घेतात. तेथे हवा असली की सारे धूसर, कारण हवेच्या सीमेवरून जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो. म्हणून ती हवा आधी ओढून घेतात. विजेचा चाकू चालू असला तर पडद्यावर रेघांचा नुसता पाऊस! तो क्षणभर थांबवावाच लागतो.

मग यंत्राचा आधार काढून हृदय स्वतः काम करू लागले, की रंगीत डॉप्लर चित्रात गळती शोधतात. दिसलीच, तर छाती अजून उघडीच असते.