वर्गांत न बोलणारे विद्यार्थी

प्रश्न विचारतांच वर्गांत नेहमींचेच चारपांच हात वर होतात. बाकीचे विद्यार्थी पुस्तकांत डोकें खुपसून बसतात. त्यांस उत्तर येत नाहीं, हा समज आम्हांस मान्य नाहीं. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें ध्वनिमुद्रित तास ऐकून १९७४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी १ सेकंदच थांबतात. ३ सेकंद थांबल्यास उत्तरें सविस्तर येतात आणि मंद समजलेलीं मुलेंही बोलूं लागतात. तीन सेकंदांनीं कोणता अभ्यासक्रम मागें पडणार? विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याच्या चुकलेल्या उत्तरास हंसणें मात्र तुम्हींच सोडावयास हवें. पालकांनीं सायंकाळीं केवळ गुण न विचारतां, 'आज काय कळलें नाहीं?' असें पुसावें. घरीं एकदां उच्चारलेली शंका दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारणें सोपें जातें.